आत्तीच्या फोनवरचा पूरनकाशा

चिखलीत आत्तीच्या सोप्यात बसून मी तिच्या फोनवर नकाशा उघडला. पांढरा पडदा आला आणि पांढराच राहिला. मी मनात आकडे मोजत होतो. तिसाच्या पुढे गेल्यावर काहीतरी निळसर चमकलं आणि ब्राउझर आपोआप बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. फोन हाताला गरम लागायला लागला. आत्तीनं तो माझ्या हातातून काढून घेतला, पदराला पुसला आणि बाजूला ठेवला.

"राहू दे बाळ. पाणी किती फूट झालं ते टीव्हीवर सांगत्यात की."

तेवढं पुरत नाही, म्हणून तर मी या कामात पडलो होतो. टीव्हीवर सांगतात ती राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात कोल्हापुरातलं शाळकरी पोरही हे दोन आकडे सांगेल. पण बंधारा कसबा बावड्याला आणि आत्तीचं घर प्रयाग चिखलीला. बंधाऱ्यावर अमुक फूट झालं म्हणजे आपल्या वेशीत पाणी कुठवर आलं, सोनतळीकडं जायचा रस्ता अजून उघडा आहे का, म्हशी आज रात्री सोडायच्या की उद्या पहाटे, हा हिशेब जुन्या माणसांच्या डोक्यात असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा तो हिशेबही कामी आला नाही. चिखली-आंबेवाडीतली माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. आत्ती त्यांतलीच एक. तिच्या दोन म्हशी दावणीलाच गेल्या. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही, पण तेव्हापासून ३९ चा आकडा आला की तिला झोप लागत नाही.

मला हवं होतं ते सांगायला सोपं होतं. खाली एक पट्टी. ती बोटानं सरकवून बंधाऱ्यावरचा आकडा लावायचा आणि वर नकाशात दिसावं, कुठली गल्ली आणि कुठला रस्ता पाण्याखाली जाणार. मी दिवसा साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. नकाशे हा माझा विषय नव्हता. राजारामपुरीत घरी बसून तीन महिने रात्री जागून केलेला हा पहिला नकाशा माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालायचा. ज्या फोनसाठी केला होता, त्यावर तो उघडलाच नाही.

नकाशाआधी माहितीबद्दल सांगतो, कारण अर्धं काम तिथंच आहे.

उपग्रहावरून मोजलेला जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो. तो घ्यावा, संगणकात पाणी ओतावं आणि कुठवर पसरतं ते बघावं, हा मोह मलाही झाला. पण या डेटात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ३० मीटर आणि उंचीतली चूक काही मीटरांची. आमच्याकडं प्रश्न एका फुटाचा असतो. ४२ ला रस्ता उघडा आणि ४३ ला बंद, अशा ठिकाणी मीटरभर चुकणारा नकाशा दाखवणं म्हणजे लोकांना फसवणं. तो रस्ता मी सोडला.

मग तालमीतली पोरं बरोबर आली. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला ज्यांनी छातीएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं उचलून आणली, तीच पोरं. पाच-सहा रविवार आम्ही शुक्रवार पेठ, दुधाळी, सुतारवाडा, जयंती नाल्याच्या काठच्या वस्त्या आणि पलीकडची गावं पायी फिरलो. भिंतीवरच्या खुणा मोजल्या. कुठं नुसती पिवळट रेघ, कुठं तैलरंगानं तारीख घालून ओढलेली. शुक्रवार पेठेत एका आजोबांनी तर खजिनाच पुढे ठेवला: गेल्या वीसेक वर्षांतली कॅलेंडरची जुलै-ऑगस्टची पानं, मधोमध घडी घालून, दोऱ्यानं बांधलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात बंधाऱ्यावरचा आकडा आणि त्याखाली "जिना २", "जिना ४", "मोरीतून उलटं" अशा नोंदी. जिना म्हणजे त्यांच्या घराची कितवी पायरी बुडाली ते. कुठल्याही उपग्रहापेक्षा नेमका डेटा तो होता, आणि गल्लीगल्लीत असं एखादं घर निघालंच. आम्ही प्रत्येक वस्तीचे रस्त्यांनी आखलेले छोटे तुकडे पाडले आणि एकेका तुकड्याला आकडा दिला: बंधाऱ्यावर इतके फूट झाले की इथं पाणी.

शेतांसाठी मात्र उपग्रहच घ्यावा लागला. सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार उपग्रह ढगांतून आरपार बघतो, म्हणून ऐन पुरातली चित्रं मिळतात आणि ती कुणालाही उतरवून घेता येतात. सपाट पाण्यावर आपटलेली रडारची लहर पुढे निसटून जाते, उपग्रहाकडं परत येत नाही. म्हणून पाणी काळं दिसतं. आमच्याकडं अडचण आली ती उसाची. पाण्यात उभा ऊस, नुसते शेंडे वर, तो काही काळा दिसत नाही. त्याच्या पानांवरून लहर परत येते आणि कोरड्या शेतासारखं चित्र उमटतं. पंचगंगेच्या काठाला ऊस किती आहे ते सांगायला नको. अशी सगळी भोकं गावातल्या माणसांना शेजारी बसवून हातानं बुजवली.

आता त्या पांढऱ्या पडद्याकडं येतो.

माझा पहिला नकाशा लीफलेटवर होता. २०११ साली आलेली, वेबवर नकाशे काढायच्या तयार कोडची ही लायब्ररी आजही चांगली आहे, शिकायला सोपी आहे, आणि दोष तिचा नव्हता. मी तिच्यापुढं काय वाढलं ते बघा. गूगलच्या खुल्या संचातून शहर आणि काठच्या गावांतल्या सव्वा लाखाच्या आसपास घरांचे आकार घेतले होते आणि सगळे एका जिओजेसन फाइलमध्ये भरले होते. फाइल ४८ एमबीची. जिओजेसन म्हणजे साधा मजकूर. एकेका कोपऱ्याचे रेखांश-अक्षांश त्यात अक्षरी लिहिलेले असतात, आणि माझ्या फाइलमध्ये दशांशचिन्हापुढे पंधरा-पंधरा अंक होते. सहावा अंक म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर. त्यापुढचे नऊ अंक अणुरेणू मोजत होते आणि आत्तीचा फोन ते इमानेइतबारे वाचत होता. (रेखांश आधी, अक्षांश नंतर, हा जिओजेसनचा नियम. पहिल्या दिवशी मी उलटं लिहिलं आणि अख्खं कोल्हापूर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडलं. नवीन माणसानं हे आधी तपासावं.)

वाचून झाल्यावर पुढचा भार. लीफलेट मुळात प्रत्येक आकार एसव्हीजीनं काढतं, म्हणजे पानावर प्रत्येक घरासाठी एक वेगळा घटक. दोन-चारशे आकारांना हे उत्तम. सव्वा लाख घटक सांभाळताना लॅपटॉपलाही धाप लागते, फोनची तर स्मृतीच संपते. कॅनव्हासवर काढायला सांगितलं तर घटकांचं ओझं जातं, सगळं एकाच पडद्यावर रंगवलं जातं. पण नकाशा ओढून थांबला की नव्यानं रंगवायचं, आणि ओढताना कडेला पांढऱ्या पट्ट्या दिसत राहायच्या. पूर दाखवणाऱ्या नकाशात कडेची पांढरी पट्टी ही नुसती दिसण्यातली उणीव नाही. तालमीतल्या एका पोरानं ती बघून सरळ विचारलं, "दादा, इथं पाणी येत न्हाई व्हय?"

त्या प्रश्नानं माझं डोकं जागेवर आलं. तोवर नकाशा सुळसुळीत चालणं मला शेवटी करायची सजावट वाटत होती. पण अडखळणारा नकाशा खोटं बोलतो. अर्धवट आलेला आकार बघणाऱ्याला पूर्ण वाटतो. शिवाय अडखळणाऱ्या नकाशाशी माणूस खेळत नाही. एकदा बघतो आणि ठेवून देतो. पट्टी पुढंमागं करत, आपल्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत नेत जो बघेल, त्यालाच चूक सापडेल, आणि आमच्या आकड्यांत चुका असणारच होत्या. त्या दुरुस्त व्हायच्या तर नकाशा त्याच्या बोटाबरोबर चालायला हवा होता.

दुसरी सुरुवात वजाबाकीनं केली. पहिल्यांदा घरांवरचे आकडेच गेले, आणि त्याला कारण तंत्राचं नव्हतं. प्रत्येक घर त्याच्या आकड्यानुसार रंगवलेला नकाशा शुक्रवार पेठेत दाखवला तेव्हा एक काकी रागावल्या. त्यांना घर विकून लेकीच्या लग्नाचं बघायचं होतं. "आमच्या दारावर ४४ लिवून ठेवलासा तर गिऱ्हाईक येईल व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. गल्लीला पाणी येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकट्याच्या घरावर शिक्का मारायचा अधिकार मला कुणी दिला? त्या दिवसापासून रंग फक्त तुकड्यांना. घरं राहिली, पण नुसती करडी, कुठल्याही आकड्याशिवाय, आणि तीही खूप जवळ गेल्यावरच दिसणारी. माणसाला आपलं घर ओळखता यावं एवढ्यापुरती. असं केल्यावर डेटाही निम्म्याहून हलका झाला.

मग टाइल्स. ही कल्पना जुनी आहे: जगाचा चौकोनी नकाशा घ्यायचा, प्रत्येक पायरीला त्याचे चार-चार तुकडे करत जायचं, आणि माणूस जिथं बघतोय तेवढेच तुकडे पाठवायचे. चौदाव्या पायरीला एका बाजूला १६,३८४ तुकडे होतात. व्हेक्टर टाइलमध्ये चित्र पाठवत नाहीत, आकारांचे कोपरे पाठवतात, तेही अक्षांश-रेखांशात नाही तर टाइलच्या आतल्या ४,०९६ घरांच्या जाळीवर पूर्णांकात. मी वहीत हिशेब मांडला. आपल्या अक्षांशावर चौदाव्या पायरीची टाइल साधारण २.३ किलोमीटर रुंद. भागिले ४,०९६, म्हणजे जाळीचं एक घर जवळजवळ ५७ सेंटिमीटर. गल्ली बुडते की नाही हे सांगायला अर्धा मीटर भरपूर झाला. म्हणजे चौदाच्या पुढच्या पायऱ्यांच्या टाइल्स बनवायचीच गरज नाही. त्याच मोठ्या करून दाखवल्या तरी फरक कळत नाही. इतके दिवस मी अणुरेणू पाठवत होतो, आणि हा साधा भागाकार केला नव्हता.

टाइल्स कापायला टिपेकॅनू वापरलं. हे अवजार एका टाइलला ५०० केबीची मर्यादा घालून काम करतं, आणि ती मर्यादा मला गुरूसारखी वाटली. टाइल जड होतेय असं तिनं सांगितलं की दरवेळी स्वतःला विचारायचं: एवढ्या लांबून बघणाऱ्याला हे दिसायला हवंय का? आख्खा करवीर तालुका पडद्यावर असताना गल्लीबोळ कशाला? तिथं नदी, मोठे रस्ते, गावांची नावं आणि पाण्याचे पट्टे पुरतात. सगळ्या टाइल्स मिळून पीएमटाइल्स प्रकारची एकच फाइल झाली, साडेचार एमबीची. ती साध्या जागेवर ठेवता येते, वेगळा सर्व्हर लागत नाही. ब्राउझर फाइलचा पहिला छोटा भाग वाचतो, कुठली टाइल कुठल्या बाइटपासून सुरू होते ते त्यात कळतं, आणि मग तेवढाच तुकडा मागवतो. पुराच्या रात्री हजार माणसांनी एकदम उघडलं तरी माझ्या घरातल्या कुठल्या यंत्रावर भार नाही, हे मला फार मोलाचं वाटलं.

इथवर सगळं सरळ गेलं. घात झाला तो आकार सोपे करताना.

रडारच्या चित्रावरून काढलेली पाण्याची हद्द जिन्यासारखी असते, दर दहा मीटरला एक पायरी. एवढे कोपरे कुठल्याच फोनला नकोत. कोपरे कमी करायची एक पद्धत आपल्या बांधावर दोरी ताणण्यासारखी आहे: दोन टोकांना दोरी बांधायची, दोरीपासून सगळ्यांत लांबचं वळण शोधायचं, ते ठरावीक अंतरापेक्षा लांब असेल तर ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. डग्लस आणि प्यूकर यांच्या नावानं ती ओळखली जाते, १९७३ ची. विश्वलिंगम आणि व्हायट यांची १९९३ ची पद्धत दुसरी: लागोपाठच्या तीन कोपऱ्यांचा त्रिकोण घ्यायचा आणि ज्याचं क्षेत्रफळ सगळ्यांत कमी, त्याचा मधला कोपरा काढून टाकायचा. जिन्यासारख्या रेघेला ही दुसरी मानवली. दोरीची पद्धत काही टोकं हट्टानं धरून ठेवते. त्रिकोणाच्या पद्धतीनं रेघ नदीच्या काठासारखी दिसायला लागली.

पण मी प्रत्येक फुटाचा आकार वेगळा ठेवला होता: ४३ चं सगळं पाणी, ४४ चं सगळं पाणी, असे एकात एक बसणारे. प्रत्येकाचे कोपरे वेगवेगळे उडाले, आणि काही ठिकाणी ४३ ची रेघ ४४ च्या बाहेर डोकावली. म्हणजे पट्टी वर सरकवली की एका कोपऱ्यातलं पाणी ओसरायचं! पाणी चढताना कुठं ओसरतं का? ही चूक मला पडद्यावर दोन आठवडे दिसली नव्हती. तालमीतल्या एका पोरानं दुधाळीत उभं राहून पट्टी मागंपुढं करत पकडली.

उपाय जमिनीच्या वाटणीसारखा निघाला. एकात एक आकार ठेवायचे नाहीत. ४३ पर्यंतचा एक तुकडा, ४३ ते ४४ मध्ये भर पडते तेवढाच पुढचा पट्टा, मग त्यापुढचा. शेजारच्या दोन पट्ट्यांची कड एकच, सामाईक बांधासारखी, आणि तो बांध एकदाच सरळ करायचा. मॅपशेपर नावाचं अवजार हे काम नेमकं करतं. सामाईक कड ओळखतं आणि दोन्ही बाजूंना एकच ठेवतं. ३९ ते ५६ असे अठरा पट्टे झाले. आकडा ४५ असेल तर ४५ पर्यंतचे सगळे पट्टे दाखवायचे, बस. मग पट्ट्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या फिकट रेघा दिसायला लागल्या, कारण अर्धपारदर्शक रंगाची कड मऊ केली जाते आणि दोन मऊ कडा शेजारी आल्या की मधून खालचं डोकावतं. कड मऊ करणं बंद केलं, रेघा गेल्या.

तोवर मी लीफलेटवरून मॅपलिब्र या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीवर आलो होतो. ते वेबजीएल ही ब्राउझरमधली सोय वापरून फोनच्या चित्र काढणाऱ्या चिपला कामाला लावतं आणि टाइल वाचायचं जड काम वर्करकडं, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे वेगळ्या चालणाऱ्या कामगाराकडं ढकलतं. नकाशा ओढताना आता हिसका बसत नव्हता. पट्टी सरकवताना मात्र बसत होता, आणि का ते कळायला मला तीन रात्री लागल्या.

पहिल्यांदा मी गाळणी वापरली: आकडा बदलला की अमुकपेक्षा कमी आकड्याचे तुकडे दाखव. गाळणी बदलली की समोरच्या सगळ्या टाइल्स पुन्हा वर्करकडं जातात, पुन्हा त्रिकोणांत कापल्या जातात, मग परत येतात. बोट पुढं आणि पाणी मागून, असं व्हायचं. मग रंगाचं सूत्र लिहिलं: तुकड्याच्या आकड्यावरून रंग ठरव. वाटलं, रंगच तर बदलतोय, आकार तोच आहे. पण रंग तुकड्याच्या माहितीवर अवलंबून असला की सूत्र बदलताना टाइल्स तशाच पुन्हा मागे जातात. शेवटी अठरा पट्ट्यांचे अठरा थर केले आणि प्रत्येकाची फक्त अपारदर्शकता बदलली, ० नाहीतर ०.५५. हा एकच आकडा चिपला कळवायचा असतो, टाइलला हात लागत नाही, आणि ० असलेला थर रंगवलाच जात नाही. थर दाखवा-लपवा अशी सोपी कळही आहे, पण ती दाबली की पुन्हा टाइल्सची फेरी. अपारदर्शकता बदलली की ती एकदम न बदलता हळूहळू बदलते, त्यामुळे पाणी चढतंय असंच दिसतं. सरकत्या पट्टीकडून सेकंदाला कितीतरी निरोप येतात. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे एका वेळेला १६.७ मिलिसेकंद. निरोपांतला शेवटचाच धरायचा आणि पुढच्या रंगवणीला एकदाच वापरायचा, एवढं केलं. हे सगळं लॅपटॉपवर कळलं नसतं. आत्तीचा फोन मी आठवडाभर मागून आणला होता, तिला माझा दिला होता, आणि केबलनं जोडून एकेक मिलिसेकंद त्याच फोनवर मोजला.

त्या फोनच्या पडद्यात एका ठिपक्याच्या जागी प्रत्येक बाजूनं तीन ठिपके आहेत, म्हणजे नऊपट रंगकाम. ते दोनवर आणलं, चौपट राहिलं. निम्म्याहून जास्त काम वाचलं आणि आत्तीच्या डोळ्यांना फरक कळला नाही.

मग नावांचा प्रश्न. यानं मला सगळ्यांत जास्त त्रास दिला, आणि मराठीत नकाशे करणाऱ्या प्रत्येकाला देईल म्हणून नीट सांगतो. नकाशावर चिखलीचं नाव उमटलं "चखिली". शिरोलीतला र्‍हस्व इकार र वर जाऊन बसला. प्रयागमधला प आणि र वेगळे, मध्ये पाय मोडलेला. कोल्हापुरातला ल्हा तुटलेला. अशा नकाशात अक्षरं एकेक करून, लिहिलेल्या क्रमानं मांडली जातात. रोमन लिपीला ते चालतं. आपल्या लिपीत च नंतर लिहिलेली वेलांटी च च्या आधी दिसावी लागते, जोडाक्षराला नवा आकार घ्यावा लागतो, आणि ते काम मी वापरत होतो त्या आवृत्तीत होत नव्हतं. नावं इंग्रजीत टाक, असा सल्ला एका मित्रानं दिला. आत्तीला इंग्रजी वाचता येत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या गावाचं नाव वाचता येत नाही, तो त्या नकाशावर रात्री दोन वाजता भरवसा कसा ठेवेल?

ब्राउझरला स्वतःला देवनागरी उत्तम येते, हे मग ध्यानात आलं. साध्या पानावर सगळी जोडाक्षरं बरोबर दिसतातच की. मग प्रत्येक नाव एका लपवलेल्या कॅनव्हासवर लिहून घेतलं, त्याचं छोटं चित्र केलं आणि नकाशाला चिन्ह म्हणून दिलं. नकाशाला एखादं चिन्ह सापडलं नाही की तो विचारतो. त्या क्षणी ते नाव रंगवून द्यायचं, म्हणजे जे दिसतंय तेवढ्याच नावांची चित्रं बनतात. अक्षरांभोवती आधी जाड पांढरी रेघ, मग वर काळं अक्षर. रेघेचे सांधे गोल ठेवले नाहीत तर ख आणि श ला काटे फुटतात. फाँट वेगळा उतरवायला लावला नाही, फोनमध्ये असलेली देवनागरीच वापरली. "प्रयाग चिखली" नीट, जोडलेलं, काळं, पांढऱ्या कडेचं पडद्यावर आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन परत द्यायला चिखलीला गेलो. पहिल्यांदा उघडताना लायब्ररी धरून अर्ध्या एमबीच्या आत माल उतरतो. सोप्यात रेंज एकच काडी होती. मी काही न बोलता फोन आत्तीच्या हातात दिला. नकाशा आला. तिनं अंगठ्यानं तो ओढला, थोडा बिचकत, मग मोठा केला. वेस, देऊळ, मग स्वतःचं घर. पट्टी तिला दाखवावी लागली. ४० वर नेली, ४३ वर नेली, परत ४१ वर आणली. निळं पुढं आलं, मागं गेलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, नुसतं पुढंमागं करत राहिली.

"हे वेशीजवळचं चुकलंय," ती म्हणाली. "तिथं वगळ हाय. पाणी रस्त्यानं येतच न्हाई, वगळीतनं पाठीमागनं येतंय. तू लिवलाईस त्याच्या दोन फूट आधी. मी दरसाल बघतो की."

मी लॅपटॉप तिथंच उघडला. तिनं बोट ठेवलं तसा वेशीचा तुकडा दोन भागांत चिरला, वगळीकडच्या, म्हणजे तिथल्या ओघळीकडच्या भागाला दोन फूट कमी केले, टाइल्स पुन्हा कापल्या आणि माझ्या फोनच्या इंटरनेटवरून फाइल चढवली. चहा निवायच्या आत झालं. आत्तीनं पान पुन्हा उघडलं, पट्टी सरकवली आणि वगळ आधी निळी झाली.

"आता गोठ्याचं बघ," म्हणून तिनं शेजारच्या तात्यांना हाक मारली.